कमांड लाइनद्वारे आभासी यंत्रांचे व्यवस्थापन : डोंगरी भागातील महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या संदर्भात

सारांश

एका संगणकावर अनेक आभासी संगणक चालविण्याचे तंत्र आज सामान्य महाविद्यालयाच्याही आवाक्यात आले आहे. मात्र ही यंत्रे जोवर केवळ माउसच्या साहाय्याने निर्माण केली व हाताळली जातात, तोवर प्रयोगशाळेची घडण ती करणाऱ्या व्यक्तीच्या स्मरणातच राहते. प्रस्तुत लेखात केव्हीएम व लिबव्हर्ट या मुक्त साधनांच्या आधारे, कमांड लाइनवरून आभासी यंत्रांचे व्यवस्थापन कसे होते याचे विवेचन केले असून, पन्हाळ्यासारख्या ठिकाणच्या वीज, पाऊस, रस्ता आणि मनुष्यबळ या अडचणींच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

बीजशब्द : आभासी यंत्र, कमांड लाइन, केव्हीएम, लिबव्हर्ट, व्हर्श, संगणक प्रयोगशाळा

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत एक जुनी अडचण आहे. ऑपरेटिंग सिस्टीमचे प्रशासन शिकवायचे तर विद्यार्थ्याच्या हाती यंत्राचे सर्वाधिकार द्यावे लागतात. आणि सर्वाधिकार दिले की सायंकाळपर्यंत ते यंत्र दुसऱ्या तुकडीच्या उपयोगाचे राहील याची शाश्वती नसते. परिणामी हा भाग पुष्कळ ठिकाणी फळ्यावरच शिकवला जातो. वापरकर्त्याचे खाते कसे उघडावे, डिस्कचे विभाजन कसे करावे, सेवा कशी थांबवावी, हे सारे विद्यार्थी जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात लिहितो. परंतु स्वतः करून पाहत नाही. पोहणे शिकवताना हौदात पाणी न भरण्यासारखाच हा प्रकार आहे.

दुसरी अडचण तंत्राची नसून मनुष्यबळाची आहे आणि तिच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत संगणक विषयाचे अध्यापन तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांवर अवलंबून असते. हे सहकारी कष्टाने प्रयोगशाळा उभी करतात आणि पुढील वर्षी अन्यत्र जातात. त्यांच्यानंतर येणाऱ्यास सर्व्हर मिळतो, पासवर्डही मिळतो. पण कोणत्या खिडकीत कोणती खूण केली होती, कोणत्या यंत्राला किती स्मृती दिली होती आणि का, हे मात्र मिळत नाही. ज्ञान माउसच्या टिचक्यांत राहिले की ते माणसाबरोबरच निघून जाते.

आभासी यंत्रांमुळे पहिली अडचण दूर होते, हे आता सर्वज्ञात आहे. दुसरी अडचण दूर होते ती यंत्रे आज्ञांद्वारे चालवली तरच. कारण आज्ञा ही मुळातच लिखित असते. ती जपता येते, दुसऱ्याला देता येते, तपासता येते आणि पुन्हा चालवता येते. प्रस्तुत लेखाचा भर या मुद्द्यावर आहे.

लेखात आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्ष टंकताना त्या रोमन लिपीतच लिहावयाच्या आहेत, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

आभासी यंत्र : संकल्पना

पन्हाळगडावरील अंबरखाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही संकल्पना समजण्यास वेळ लागणार नाही. तट एक, गड एक. परंतु आत गंगा, यमुना आणि सरस्वती ही तीन स्वतंत्र धान्यकोठारे. एका कोठारात ओल शिरली म्हणून दुसऱ्यातील धान्य नासत नाही. आभासी यंत्रांची रचना अशीच असते. प्रत्यक्ष संगणकाला यजमान यंत्र म्हणतात. त्याची स्मृती, प्रक्रियक आणि डिस्क यांचे वाटे पाडून प्रत्येक वाट्यावर एक पाहुणे यंत्र उभे केले जाते. पाहुण्या यंत्राला आपण पाहुणे आहोत याचे भान असण्याची गरज नसते. त्याच्या दृष्टीने तो एक पूर्ण संगणक असतो. त्यातील ऑपरेटिंग सिस्टीम पूर्णपणे मोडली तरी यजमानाला आणि शेजारच्या यंत्राला त्याची झळ लागत नाही. दाखल्याची मर्यादा इतकीच की दगडी कोठाराची भिंत हलत नाही. येथे मात्र प्रत्येकाचा वाटा आज्ञेसरशी कमी-अधिक करता येतो.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानातून निर्माण झालेल्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’ आणि आभासी यंत्रे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात प्रयोगाचे अनुकरण संगणकाच्या पडद्यावर दाखवले जाते. दुसऱ्यात संगणकाच्या आत खराखुरा चालता संगणक असतो. प्राध्यापकांच्या चर्चेत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकात मोठ्या संगणकांवर तिचा अवलंब केला आणि १९७२ मध्ये ‘व्हीएम ३७०’ ही प्रणाली बाजारात आणली. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी कोणता प्रक्रियक आभासीकरणास योग्य ठरतो याचे निकष मांडले. घरगुती संगणकातील प्रक्रियक हे निकष अनेक वर्षे पूर्ण करीत नव्हते. इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये प्रक्रियकातच तशी सोय दिली आणि चित्र पालटले. लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत, फेब्रुवारी २००७ मध्ये, केव्हीएम हा भाग समाविष्ट झाला. तेव्हापासून लिनक्स चालवणारा कोणताही योग्य संगणक स्वतःच यजमान होऊ शकतो. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. केव्हीएम निर्माण करणारी क्यूमरानेट ही कंपनी २००८ मध्ये रेड हॅटने घेतली. रेड हॅटचे एक मोठे अभियांत्रिकी कार्यालय पुण्यात आहे आणि नोव्हेंबर २०११ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात फेडोरा प्रकल्पाची परिषदही भरली होती. तेव्हा हे तंत्र आपल्यापासून वाटते तितके दूरचे नाही.

व्यापारी पर्यायांबद्दल एवढेच सांगता येईल की त्यांचे नियम महाविद्यालयाच्या हाती नसतात. व्हीएमवेअर ही या क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने घेतली. त्यानंतर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्व्हरसाठीची मोफत आवृत्तीही बंद झाली. ती एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा उपलब्ध झाली. ज्या प्रयोगशाळेचे अंदाजपत्रक वर्षातून एकदाच मंजूर होते तिला हे चढउतार परवडणारे नाहीत.

खिडकी आणि ओळ

आभासी यंत्रे हाताळण्यासाठी चित्रमय साधने आहेत आणि ती चांगली आहेत. एखाद-दुसरे यंत्र चालवायचे असेल तर व्हर्च्युअलबॉक्सची खिडकी पुरेशी आहे. नवशिक्याने तेथूनच आरंभ करावा. प्रश्न निर्माण होतो तो संख्येचा. एक यंत्र निर्माण करण्यास दहा-बारा खिडक्यांतून जावे लागत असेल तर वीस यंत्रांसाठी दोनशेहून अधिक वेळा तेच करावे लागेल, आणि त्यात कोठेतरी हात चुकेल. ती चूक परीक्षेच्या दिवशी, बाह्य परीक्षकांसमोर लक्षात येईल.

कमांड लाइनवर हीच कृती एका ओळीची असते, आणि एक ओळ वीस वेळा चालवण्याचे काम संगणक स्वतः करतो. ओळीचा आणखी एक गुण असा की तिला फार मोठ्या वेगाचे जाळे लागत नाही. दूरच्या यंत्राचा पडदा पाहायचा तर चित्राचे ठिपके सतत वाहून आणावे लागतात. आज्ञा आणि तिचे उत्तर मात्र बहुधा काही शे अक्षरांतच संपते. गडावर पावसाळ्यात मोबाइलचे जाळे जेमतेम एक काडी दाखवीत असते तेव्हाही एवढी अक्षरे जातात-येतात.

हा गुण केवळ सर्व्हर हाताळणाऱ्यापुरता मर्यादित नाही. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ च्या अटी पूर्ण न करणारे अनेक संगणक प्रयोगशाळांत तसेच उभे आहेत. त्यांच्यावर हलकी लिनक्स प्रणाली बसवली आणि विद्यार्थ्याचे खरे काम सर्व्हरवरील आभासी यंत्रात होऊ दिले, तर दोन जीबी स्मृती असलेला जुना संगणकही त्या यंत्रापर्यंत पोहोचण्याचे दार म्हणून पुरतो. भंगारात काढण्याचा ठराव काही वर्षे पुढे ढकलता येतो.

व्हर्शची भाषा

केव्हीएम प्रत्यक्ष आभासीकरण करते. त्याला सूचना देणारा मधला थर म्हणजे लिबव्हर्ट, ज्याचे काम २००५ मध्ये सुरू झाले. आणि लिबव्हर्टशी आज्ञांद्वारे बोलण्याचे साधन म्हणजे ‘व्हर्श’. केव्हीएमच्या जागी दुसरे आभासीकरण असले तरी लिबव्हर्टला ते ठाऊक असल्यास व्हर्शच्या आज्ञा बहुतांशी त्याच राहतात.

प्रथम यजमान यंत्राची पात्रता पाहावी. प्रक्रियकाच्या माहितीत इंटेलसाठी ‘व्हीएमएक्स’ किंवा एएमडीसाठी ‘एसव्हीएम’ ही खूण असावी लागते. ती दिसत असूनही काम होत नसेल तर बायोसमध्ये ही सोय बंद ठेवलेली असण्याचा संभव अधिक. नव्या संगणकातही ती बंद अवस्थेत येते, हे अनेकांस ठाऊक नसते.

‘व्हर्श लिस्ट --ऑल’ ही आज्ञा सर्व यंत्रांची यादी देते. ‘--ऑल’ गाळले तर केवळ चालू यंत्रे दिसतात. येथेच नवशिक्याची पहिली फसगत होते. आदल्या दिवशी निर्माण केलेली यंत्रे यादीतून नाहीशी झालेली दिसतात. वास्तविक ती कोठेही गेलेली नसतात. लिबव्हर्टमध्ये दोन स्वतंत्र कक्ष आहेत : एक संपूर्ण प्रणालीचा, ‘सिस्टीम’, दुसरा प्रत्येक वापरकर्त्याचा खाजगी, ‘सेशन’. सामान्य वापरकर्ता व्हर्श चालवतो तेव्हा तो सहसा आपल्या खाजगी कक्षात डोकावत असतो आणि तो रिकामा असतो. आज्ञेत कोणत्या कक्षाशी जोडणी करावयाची ते स्पष्टपणे लिहिण्याची सवय पहिल्या तासापासून लावावी.

व्हर्शच्या शब्दसंग्रहाकडे भाषेच्या अंगाने पाहणे उद्बोधक आहे. यंत्राला व्हर्श ‘डोमेन’ म्हणते. हा शब्द झेन या जुन्या आभासीकरणातून आला आहे. संकेतस्थळाच्या नावाशी त्याचा संबंध नाही. यंत्र सुरू करण्यासाठी ‘स्टार्ट’ आणि बंद करण्यासाठी ‘शटडाउन’ हे शब्द सरळ आहेत. परंतु ‘शटडाउन’ म्हणजे केवळ विनंती असते. यजमान पाहुण्याला बंद होण्याची सूचना देतो. पाहुणा ती ऐकेलच असे नाही. पाहुणा हट्टाने बसून राहिला तर ‘डिस्ट्रॉय’ ही आज्ञा द्यावी लागते.

हा ‘डिस्ट्रॉय’ शब्द विद्यार्थ्यांना घाबरवतो आणि ते स्वाभाविक आहे. कोशातील अर्थ घेतला तर यंत्राचा विनाश होणार असे वाटते. प्रत्यक्षात ही आज्ञा म्हणजे चालत्या संगणकाची वीज काढून घेणे. यंत्र तत्काळ थांबते, त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल बिघडू शकते; पण डिस्क जागेवर असते, यंत्राची नोंद जागेवर असते आणि ‘स्टार्ट’ म्हटले की ते पुन्हा उभे राहते. याउलट ‘अनडिफाइन’ हा शब्द सौम्य वाटतो, पण त्याने यंत्राची नोंदच पुसली जाते. तरीही डिस्कची फाइल शिल्लक राहते. तीही जावी असे वाटत असेल तर ‘--रिमूव्ह-ऑल-स्टोरेज’ असे वेगळे सांगावे लागते. उग्र शब्द निरुपद्रवी आणि सौम्य शब्द धोक्याचा, हे उलटे नाते वर्गात आवर्जून सांगावे. मराठीत ‘डिस्ट्रॉय’साठी ‘वीज तोडा’ आणि ‘अनडिफाइन’साठी ‘नोंद काढा’ असे म्हटले तर अर्थ चटकन पोहोचतो.

नोंदीविषयी थोडे अधिक. प्रत्येक यंत्राचे संपूर्ण वर्णन एका एक्सएमएल फाइलमध्ये असते आणि ‘व्हर्श डम्पएक्सएमएल’ ही आज्ञा ते समोर ठेवते. हा त्या यंत्राचा सातबारा समजावा. नाव काय, स्मृती किती, प्रक्रियक किती, डिस्क कोठे, जाळ्याला कोणत्या दाराने जोडले आहे, हे सारे त्यात असते. फरक इतकाच की हा उतारा देऊन दुसऱ्या सर्व्हरवर तेच यंत्र पुन्हा उभे करता येते; अर्थात डिस्कची फाइलही सोबत न्यावी लागते. हे उतारे आणि आज्ञांची फाइल एकत्र जपली, त्यात प्रत्येक बदलाचे कारण एका ओळीत लिहिले, म्हणजे प्रस्तावनेत म्हटलेली दुसरी अडचण पुष्कळ अंशी सुटते. नव्याने रुजू होणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा आणि त्यासोबत किल्ली कोणत्या कुलपाची ती यादीही येते.

वीस यंत्रांची तुकडी

वीस विद्यार्थ्यांच्या एका तुकडीचे उदाहरण घेऊ. प्रत्येकाला चित्रमय पडद्याविना चालणारे डेबियन लिनक्सचे एक यंत्र द्यावयाचे आहे. अशा यंत्रास प्रात्यक्षिकांसाठी एक जीबी स्मृती पुरते. वीस यंत्रांना वीस जीबी, यजमानासाठी चार जीबी. म्हणजे ३२ जीबी स्मृतीचा सर्व्हर आरामात पुरतो. लिनक्समध्ये २००९ पासून ‘केएसएम’ ही सोय आहे. ती सुरू केल्यास एकसारख्या यंत्रांतील स्मृतीचे समान तुकडे एकदाच साठवले जातात. तथापि नियोजन करताना ती बचत गृहीत धरू नये.

डिस्कच्या बाबतीत खरी किमया आहे. प्रथम एक आदर्श यंत्र तयार करावे, त्यात आवश्यक ते सॉफ्टवेअर बसवावे आणि ते बंद करून त्याची डिस्क मूळ प्रत म्हणून ठेवावी. विद्यार्थ्यांना तिची पूर्ण प्रत द्यावयाची नाही. ‘क्यूईएमयू-इमेज क्रिएट’ या आज्ञेने मूळ प्रतीवर आधारलेला एक पातळ थर निर्माण करता येतो. विद्यार्थी जे बदलेल तेवढेच या थरात लिहिले जाते. बाकी सारे मूळ प्रतीतून वाचले जाते. आरंभी हा थर काहीशे केबींचा असतो. मूळ प्रत तीन जीबींची आणि सत्राअखेर प्रत्येक थर एक जीबीने वाढला असे धरले तर एकूण २३ जीबी जागा लागते. पूर्ण प्रती दिल्या असत्या तर ८० जीबी लागली असती.

या बचतीची एक अट आहे. थर निर्माण केल्यानंतर मूळ प्रतीला कदापि हात लावू नये. तिच्यात एक अक्षर जरी बदलले तरी तिच्यावरील वीसही थर निरर्थक होऊ शकतात. टीप ज्या पोथीवर लिहिली ती पोथीच बदलल्यासारखे होते. मूळ प्रतीची फाइल ‘केवळ वाचनासाठी’ करून ठेवणे हा साधा उपाय आहे.

आणखी एक खाच आहे आणि तिच्यावर बराच वेळ वाया जातो. जुळ्या यंत्रांची अंतर्गत ओळखही जुळीच असते. लिनक्समध्ये प्रत्येक यंत्राचा एक ‘मशीन-आयडी’ असतो. तो मूळ प्रतीतून जसाच्या तसा सर्वांकडे जातो. काही लिनक्स प्रणाली जाळ्यावरील पत्ता मागताना याच ओळखीचा आधार घेतात. मग दोन यंत्रे एकच पत्ता घेऊन बसतात आणि एका विद्यार्थ्याची आज्ञा दुसऱ्याच्या यंत्रात जाते. एकाच गट क्रमांकाचे दोन उतारे निघाल्यावर जे व्हायचे तेच येथे होते. म्हणून मूळ प्रत गोठवण्यापूर्वी ‘व्हर्ट-सिसप्रेप’ ही आज्ञा चालवावी. ती मशीन-आयडी, एसएसएचच्या यजमान-चाव्या, जुन्या नोंदी असे ओळख पटवणारे सारे पुसून टाकते. डेबियनमध्ये पुसलेल्या एसएसएच चाव्या आपोआप पुन्हा तयार होत नाहीत. यंत्र प्रथम सुरू होईल तेव्हा त्या तयार कराव्यात, अशी सूचना याच आज्ञेला जोडून द्यावी. अन्यथा वीसही यंत्रे उत्तम चालतील आणि एकातही प्रवेश मिळणार नाही.

एवढी तयारी झाल्यावर उरलेले काम चार ओळींचे आहे. एक ते वीस या अंकांसाठी : थर निर्माण करा, ‘व्हर्ट-इन्स्टॉल’ला ‘--इम्पोर्ट’ जोडून त्या थरावर यंत्र उभे करा, त्याला हजेरी क्रमांकाचे नाव द्या. लिबव्हर्टचे ‘डिफॉल्ट’ नावाचे अंतर्गत जाळे या यंत्रांना पत्ते देते, आणि ‘व्हर्श नेट-डीएचसीपी-लीजेस डिफॉल्ट’ म्हटले की कोणत्या यंत्राला कोणता पत्ता मिळाला ते दिसते. हे जाळे बाहेरून थेट दिसत नाही. विद्यार्थी प्रथम सर्व्हरमध्ये व तेथून आपल्या यंत्रात जातो. शिकवण्याच्या दृष्टीने हे गैरसोयीचे वाटले तरी सुरक्षेच्या दृष्टीने सोयीचेच आहे.

सत्र सुरू होताना प्रत्येक यंत्राचा एक ‘स्नॅपशॉट’ घ्यावा. विद्यार्थ्याने सर्वाधिकार वापरून मुळापासून फाइली पुसल्या तरी ‘स्नॅपशॉट-रिव्हर्ट’ या आज्ञेने यंत्र काही क्षणांत पूर्वस्थितीवर येते. अशा वेळी शिक्षकाला रागावण्याचे कारण उरत नाही. किंबहुना एक प्रात्यक्षिक मुद्दाम यंत्र मोडण्याचेच ठेवावे. काय पुसल्यावर काय थांबते हे ज्याने पाहिले, त्याला ते पाठ करावे लागत नाही.

पाऊस, वीज आणि रस्ता

जून ते सप्टेंबर या काळात पन्हाळ्यावर वीज जाणे ही घटना नसून दिनक्रम आहे. वीस यंत्रे चालू असताना सर्व्हरची वीज एकाएकी गेली तर ते वीस वेळा ‘डिस्ट्रॉय’ करण्यासारखे आहे. यूपीएस असतोच, प्रश्न त्याने दिलेल्या मिनिटांत काय करायचे हा आहे.

लिबव्हर्टसोबत ‘लिबव्हर्ट-गेस्ट्स’ नावाची सेवा येते. यजमान बंद होऊ लागला की ती पाहुण्यांची व्यवस्था लावते. तिला दोन मार्ग सांगता येतात. एक, प्रत्येक पाहुण्याला रीतसर बंद करणे. दुसरा, पाहुण्याची स्मृती जशीच्या तशी डिस्कवर लिहून त्याला निद्रिस्त करणे. वीज आल्यावर तो अर्धवट वाक्यापासून पुढे चालू लागतो. दुसरा मार्ग आकर्षक आहे, पण त्याचा हिशेब मांडावा. वीस जीबी स्मृती, डिस्कचा लिहिण्याचा वेग सेकंदाला शंभर एमबी; म्हणजे जास्तीत जास्त सुमारे दोनशे सेकंद, साडेतीन मिनिटांच्या आत. पहिल्या मार्गात यंत्रे एकामागून एक बंद होत असतील आणि प्रत्येकी तीस सेकंद लागत असतील तर दहा मिनिटे लागतील. तेवढा वेळ जुनी बॅटरी देईल की नाही, याची खात्री कोणी द्यावी? या सेवेच्या नोंदीत एका वेळी किती यंत्रे बंद करावीत याची संख्या देता येते. ती शून्य असल्यास यंत्रे एकेक करून बंद होतात. पाच लिहिली तर तेच काम दोन-अडीच मिनिटांत होते. फाइलमधील एका अंकाचा हा प्रश्न आहे, आणि कित्येक ठिकाणी तो अंक कोणी पाहिलेला नसतो.

यूपीएसकडून सर्व्हरला ‘बॅटरी संपत आली’ हा निरोप पोहोचला नाही तर हे सारे व्यर्थ. यूपीएसची यूएसबी तार सर्व्हरला जोडून ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ हे मुक्त सॉफ्टवेअर बसवले की तो निरोप पोहोचतो. ही तार पुष्कळदा खोक्यातच राहिलेली असते.

रस्त्याचा प्रश्न विजेपेक्षा कमी वेळा येतो, पण येतो तेव्हा दीर्घकाळ राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर जिल्ह्याला महापुराने वेढले. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पन्हाळ्यावर जाणारा मुख्य रस्ता खचून वाहनांची ये-जा बंद झाली. कोल्हापूर जेमतेम वीस किलोमीटरवर, पण सर्व्हरपर्यंत पोहोचणे अवघड. अशा काळात गडावर वीज आणि जाळ्याची एक तार जिवंत असेल, तर कमांड लाइन जाणणाऱ्यास शहरातून, प्रसंगी मोबाइलवरूनही, एसएसएचद्वारे यंत्रे बंद-चालू करता येतात. व्हर्शला दूरच्या यजमानाचा पत्ता दिला की ते तेथील यंत्रांशी घरच्यासारखेच बोलते. यासाठी पासवर्डऐवजी चाव्यांच्या जोडीने प्रवेश ठेवावा आणि सर्व्हर उघड्या इंटरनेटवर न मांडता व्हीपीएनच्या आड ठेवावा. ही तयारी उन्हाळ्यात करावयाची आहे, पावसात नव्हे.

मर्यादा

हा मार्ग सर्व विषयांना लागू नाही. चित्रसंपादन, लेखा-सॉफ्टवेअर किंवा मोबाइल अ‍ॅपची निर्मिती शिकवताना अशा हलक्या यंत्रांचा उपयोग मर्यादित आहे. वीसही यंत्रे एकाच सर्व्हरवर असल्याने तो बिघडला की सारी तुकडी बसून राहते; म्हणून मूळ प्रत, एक्सएमएल उतारे आणि आज्ञांची फाइल दुसऱ्या ठिकाणी ठेवणे अनिवार्य आहे. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, कारण तो त्याच डिस्कवर असतो. तसेच यजमानावरील ‘लिबव्हर्ट’ या गटात ज्याला घेतले त्याला व्यवहारतः यजमानाचे सर्वाधिकार मिळतात, हे ध्यानात ठेवून विद्यार्थ्यांना त्या गटात घेऊ नये. त्यांचे राज्य त्यांच्या पाहुण्या यंत्रापुरतेच असावे.

शिक्षकाला लिनक्सची तोंडओळख असावी लागते, हीही एक मर्यादाच म्हणता येईल. तिच्यावर उपाय उपलब्ध आहे : मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात लिनक्सवरील पाठ मराठी निवेदनासह मोफत मिळतात.

मराठीतून बोलणारे व्हर्श

शेवटी एका अल्पपरिचित गोष्टीकडे भाषा विभागातील सहकाऱ्यांचेही लक्ष वेधावेसे वाटते. लिबव्हर्टच्या स्रोतसंकेतात ‘एमआर.पीओ’ या नावाची एक फाइल आहे. तिच्यात व्हर्शचे संदेश मराठीत दिलेले आहेत. भारतीय भाषांत मुक्त सॉफ्टवेअर आणण्याचे काम रेड हॅटच्या पुणे कार्यालयात चालत असे, त्या परंपरेतील हे काम होय. यजमानाची भाषा ‘एमआर_आयएन’ अशी निवडली की जे संदेश अनुवादित आहेत ते मराठीत उमटतात; जे नाहीत ते इंग्रजीतच राहतात. आज्ञांची नावे मात्र बदलत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

वापरताना दोन अडचणी येतात. लिनक्सचा मूळ काळा पडदा देवनागरी दाखवू शकत नाही, कारण त्याच्या अक्षरसंचात फार तर ५१२ आकृती मावतात. त्यासाठी चित्रमय प्रणालीतील टर्मिनल लागते. तेथेही जोडाक्षरांची रुंदी नीट मोजली जात नाही आणि यादीचे रकाने वाकडेतिकडे होतात. त्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न शब्दांचा आहे. प्रणालीला मराठीत काय म्हणावे, यंत्र ‘डिस्ट्रॉय’ झाले हे विद्यार्थ्याला न घाबरवता कसे सांगावे, याचा निर्णय संगणक विभागाने एकट्याने घेण्यासारखा नाही. लिबव्हर्टचे अनुवाद आता फेडोराच्या ‘वेबलेट’ या अनुवाद-मंचावर चालतात. तेथे खाते उघडून कोणालाही शब्द सुचवता येतात. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून पन्नास संदेशांचे भाषांतर करणे हा एका सत्राचा उत्तम प्रकल्प होऊ शकेल. आरंभ ‘डिस्ट्रॉय’ आणि ‘अनडिफाइन’ यांच्या संदेशांपासून करावा.